दुभाष्या वगळून

सोमवार, ३ मार्च

बाई म्हणाल्या, रोज चार ओळी डायरी लिहा, इंग्रजीत. मी मराठीत लिहिणार. इंग्रजीत लिहायला घेतली तर 'आय ॲम फाइन, इट इज हॉट' इथेच पान संपेल, आणि दोन्ही खोटं. गुडघा धरलाय आणि बाहेर गारठा आहे.

इंग्रजीचा क्लास लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर भरतो. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली चौथी निम्मी खोकण्यात गेली. वर्गात सगळ्यात म्हातारी मीच. पहिल्या दिवशी एका पोराने मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. त्याला वाटलं, मी कोणाला तरी सोडायला आलेय. मी त्याच्याच पुढ्यातली खुर्ची ओढून बसले. आता तो माझ्या पाठीमागे बसतो आणि माझ्या अंबाड्यामुळे फळा दिसत नाही म्हणून कुरकुरतो. कुरकुरू दे.

शेजारी एक प्लंबर बसतो. परदेशात नोकरी लागणार आहे म्हणून शिकतोय. नाव सांगितलं त्याने, पण मी प्लंबरच म्हणते. तो मला आजी म्हणतो.

मी कशाला जाते ते लिहून ठेवते, म्हणजे कंटाळा आला की वाचता येईल. माझा मुलगा एकुलता एक, समुद्रापलीकडे असतो. सून तिकडचीच. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा येत नाही. नात आहे, अकरा वर्षांची. खरं नाव लांबलचक आहे, मी तिला मिरी म्हणते. ठेंगणी, काळीभोर आणि तिखट. तिला मराठी येतं 'आजी' आणि 'नको' एवढंच. म्हणजे आम्हा तिघींच्या मधे मुलगा हा दुभाष्या. आणि हा दुभाष्या कापाकापी करतो. मी पाच मिनिटं बोलले की तो तिकडे तोंड वळवून पाच शब्द बोलतो. सून पाच मिनिटं बोलली की मला म्हणतो, "ती बरी आहे म्हणते." एकदा मिरी डोळे मोठे करून, हातवारे करून, खुर्चीवरून खाली उतरून काहीतरी सांगत होती. त्यात कुत्रा होता, पडणं होतं, बहुतेक पोलीसही होते. मी विचारलं, काय म्हणाली रे? तर म्हणे, "शाळेत मजा आली."

मी जन्मभर शिवणकाम केलंय. किती कापड आत आलं आणि किती बाहेर पडलं, हे मला कोणी शिकवायला नको.

तर मला मिरीशी बोलायचंय. मधे कोणी नको.


गुरुवार, ६ मार्च

आत्तापर्यंत 'मांजर टेबलाखाली आहे' आणि 'माझ्या काकांकडे निळी छत्री आहे' शिकले. मला मांजर नाही, काका कधीच गेले. आज पहिल्यांदा उपयोगाचं काही दिलं बाईंनी. वाक्प्रचार: 'द होल स्टोरी'. अर्थ सांगितला, झाडून सगळी हकिगत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता. घरून पाच वाक्यांत उपयोग करून आणायचा.

मला एखादी थोरली नात असती तर बाई वयाने तिच्याएवढ्या असत्या. चष्मा नाकावरून घसरतो, तो बोटाने वर ढकलतात आणि मग प्रश्न विचारतात. म्हणजे चष्मा वर गेला की सगळे खाली बघतात.

प्लंबर म्हणाला, "आजी, एखादं वाक्य मला द्या ना करून."

मी म्हटलं, "तुझ्या घरच्या हकिगती मला कुठे ठाऊक आहेत?"

म्हणाला, तुमच्याच घरची द्या, मी माझी म्हणून वाचतो.


रविवार, ९ मार्च

रविवारी रात्री मुलाचा फोन असतो, चेहरा दिसतो तसला.

आज पांढरा शर्ट घातला होता आणि दुसरं बटण काळ्या दोऱ्याने लावलेलं. पांढऱ्या शर्टाला काळा दोरा. वर इतकं आवळून लावलं होतं की तिथे कापडाला चुणी पडली होती. बटणाला मान ठेवावी लागते, दोऱ्याचे वेढे घालून, नाहीतर काज बसत नाही. आमच्या शिलाईच्या दुकानात नवीन पोरगी आली तरी असं लावत नाही. मी म्हटलं, हे कोणी लावलं? तर म्हणतो, "असंच, घाईत." सून नोकरीला लागल्यापासून घराकडे बघत नाही हे उघड आहे. मी तसं बोलले. तो हसला, पण नुसते दात.

मागची भिंतही बदललीय. स्वयंपाकघराची पिवळी भिंत असायची, फडताळाजवळ मिरीने चिकटवलेली चित्रं. आता पांढरीफटक, एक रिकामा खिळा. म्हणाला, रंग काढलाय. म्हटलं, खिळा तरी काढायचा. उभ्याउभ्या भांड्यातूनच काहीतरी खात होता. ताट नाही का घरात, म्हटलं, ताटांनाही रंग काढलाय?

मिरी पोहायला गेली होती. मागच्या रविवारीही पोहायलाच. त्याच्या मागच्याही. पोरगी आहे का मासोळी.


सोमवार, १० मार्च

वाक्यं वाचून दाखवली. माझी अशी:

माझा मुलगा बरा आहे म्हणतो, पण ती होल स्टोरी नाही.

मला होल स्टोरी पाहिजे, मुलगा तुकडा देतो.

भिंत पांढरी आहे, पण मुलगा होल स्टोरी सांगत नाही.

सून काय म्हणाली ते पाच मिनिटं होतं, होल स्टोरी मला कळली नाही.

मी म्हातारी आहे, मला होल स्टोरी ऐकायला वेळ कमी आहे.

बाईंनी चष्मा वर ढकलला. म्हणाल्या, बरोबर आहेत सगळी, पण आजी, वेगवेगळ्या विषयांवर करा ना. मला तोवर कळलंच नव्हतं की पाचही एकाच माणसाची आहेत. मी लिहिताना एक दुकानातलं गिऱ्हाईक, एक पाऊस, असं काहीतरी मनात धरून बसले होते. हाताने भलतंच लिहिलं.

प्लंबरचं वाक्य सगळ्यांना आवडलं. 'घरमालक मोरीत काय टाकलं याची होल स्टोरी कधीच सांगत नाही.' टाळ्या पडल्या. मी पण हसले. मग घरी येताना बसमध्ये आठवून पुन्हा हसले. शेजारची बाई सरकून बसली.


गुरुवार, १३ मार्च

दुकानात दिवसभर पँटींचे पाय आखूड करणं. सध्या पोरांना घोट्याच्या वर पाहिजेत. एका माणसाने बायकोचा कोट आणला, अस्तर फाटलेलं, म्हणाला, तिला कळू देऊ नका मी आणलाय. फाडला कोणी, ते सांगितलं नाही. मालक आता डोळ्यांनी अधू झालाय, सुई मीच ओवून देते. तो म्हणतो तुमच्याशिवाय दुकान बंद पडेल. पगार वाढवायचं नाव काढलं की कान पण अधू होतात.

आज मालकाशी बोलले, 'दोन इंच' आणि 'संध्याकाळी न्या'. घरी आल्यावर किटलीशी इंग्रजीत बोलले. व्हॉट इज द मॅटर, किटली? किटलीने शिट्टी मारली. मालकापेक्षा बरी.


रविवार, १६ मार्च

फोन नाही. निरोप आला, कामात आहे. रविवारचं कसलं काम.


गुरुवार, २० मार्च

बाईंनी नवीन खूळ काढलंय. शिकलेला वाक्प्रचार वर्गाबाहेरच्या माणसाशी खरोखर वापरायचा आणि काय उत्तर आलं ते येऊन सांगायचं. प्लंबर म्हणाला, मी घरमालकाला विचारतो. बाई म्हणाल्या, इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला.

मला लगेच मिरी आठवली. सुनेचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, मुलानेच घालून दिला होता, अडीअडचणीला म्हणून. मी कधी लावला नाही. लावून काय सांगणार होते तिला, मांजर टेबलाखाली आहे?

वाक्य पक्कं केलं. 'टेल मी द होल स्टोरी.' छोटं आहे, जीभ अडखळत नाही. क्लास सुटल्यावर प्लंबर मिरी झाला आणि मी त्याला फोन लावला. त्याने बारीक आवाज काढला.

"हॅलो आजी."

"हॅलो मिरी. हाऊ आर यू?"

"फाइन."

"नो फाइन. टेल मी द होल स्टोरी."

प्लंबरने कानावरचा हात काढला. मग आपल्या आवाजात म्हणाला, "आजी, असं डोळे वटारून विचारलं तर मी पण फोन ठेवीन. जरा गोड बोला."

मी म्हटलं, गोड बोलायचे धडे बाईंनी अजून दिलेले नाहीत.

मग त्याने शिकवलं. समोरचा बोलायला लागला की मधे तोंड घालायचं नाही, फक्त 'अँड देन?' म्हणायचं. म्हणजे आपलं 'मग?'. तेही हळू. मी दोन-चारदा म्हणून दाखवलं. तो म्हणाला, अजून फौजदारासारखं वाटतंय, पण सुधारणा आहे.


रविवार, २३ मार्च

आज मुलाला म्हटलं, बायकोला बोलाव, मला तिच्याशी इंग्रजीत चार शब्द बोलायचेत. त्याचं तोंड असं झालं की जणू मी तिला कोर्टात बोलावलंय. म्हणाला, तिचं डोकं दुखतंय, झोपलीय. मिरी? मिरी पोहायला.

मी काय आंधळी आहे? सून मला टाळते. मुलाच्या लग्नात मी तिच्या झग्याच्या शिलाईबद्दल बोलले होते. चांगलंच बोलले होते, नुसतं एका बाजूला ओढतोय म्हटलं, आणि तो ओढत होताच. दुभाष्याने तेव्हा काय सांगितलं देव जाणे. तेव्हापासून माझ्या जिभेला भ्यालीय ती. मोठ्या माणसाने एवढं भित्रं असू नये.

मुलगा वाळलाय. म्हटलं तर म्हणाला, कॅमेऱ्यात तसं दिसतं. मला वाटतं, रंगाच्या वासाने जेवण जात नसेल.


शनिवार, २९ मार्च

सगळं लिहून काढते. उद्यापर्यंत थांबले तर विसरेन, किंवा माझ्या सोयीचं तेवढंच आठवेन.

सकाळी वेणी घातली, चांगलं पोलकं घातलं, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि सुनेचा नंबर लावला. तिकडे संध्याकाळ. सुनेने उचलला. तिला धक्का बसला असणार, पण तिने तो गिळला. हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, हॅलो मदर, इज एव्हरीथिंग ओके? हे मला कळलं. इतकी वर्षं ती माझ्याशी अशी हळू का बोलली नाही? आणि मी तरी.

मी म्हटलं, ओके ओके, मिरी प्लीज.

ती बाजूला झाली तेव्हा मागची भिंत दिसली. पिवळी. तीच, चित्रांसकट. रंगबिंग काही काढलेला नाही. त्या पिवळ्याकडे मी बघतच राहिले. सून घरात होती, डोकं दुखत नव्हतं, तोंड मात्र उतरलेलं. माझ्याकडे बघून हसली, मिरीच्या हातात फोन दिला आणि दार ओढून घेऊन बाहेर गेली. टाळणारी माणसं दार आपटतात. तिने हळू ओढलं.

मिरी मोठी झालीय. दातांना तार लावलीय. मला बघून 'आजी' म्हणाली आणि मागे बघितलं, बाबा कुठे आहे बोलायला, असं. मी म्हटलं, नो डॅड. यू अँड मी. ती हसली. हाऊ आर यू म्हटलं. फाइन म्हणाली. अगदी बापासारखं, नुसते दात, वर तार.

मग मी म्हटलं, "मिरी, टेल मी द होल स्टोरी."

गोड झालं की नाही माहीत नाही. पण पोरीचं हसू गेलं. ती कपाळावरचे केस मागे सारत बसली, एकदा दाराकडे बघितलं. आणि मग सुरू झाली.

इथे माझी फजिती लिहिते. मी तीन आठवडे विचारायचं शिकले. उत्तर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. किंवा आलं तर मांजर टेबलाखाली आहे एवढ्या बेताचं येईल वाटलं होतं. पोरगी बोलतेय, बोलतेय, आणि माझ्या हातात येतायत चिंध्या. टू हाउसेस. मंडे ट्यूजडे डॅड. व्हाइट रूम. वन चेअर. मॉम, मग बोटाने डोळ्यांखाली रेघ ओढली. स्विमिंग नो, नो स्विमिंग, आणि मान हलवली. 'हळू' ला काय म्हणतात ते मला शिकवलं होतं, त्या वेळी जिभेवर येईना. तिला थांबवायलाही मन होईना. नळ सोडल्यासारखं वाहत होतं. मी आपली म्हणत राहिले, अँड देन? अँड देन? आणि दर वेळी ती आणखी सांगायची. मधे रडली. मी उठून जवळ जायला गेले आणि गुडघा टेबलावर आपटला. मग पुन्हा बसले.

दोन घरं. पांढरी खोली, एक खुर्ची. एवढं कळायला शाळा लागत नाही. काळ्या दोऱ्याने बटण कोणी लावलं तेही कळलं.

शेवटी तिने एक वाक्य दोनदा म्हटलं. डॅड इज स्केअर्ड. मी समजले नाही हे तिला दिसलं, म्हणून पुन्हा म्हणाली, डॅड इज स्केअर्ड ऑफ आजी. मग ओठांवर बोट ठेवलं. डोंट टेल डॅड. प्रॉमिस? प्रॉमिस मला कळतं, ते आता मराठीतही आहे. मी म्हटलं, यस. प्रॉमिस.

तिने नाक पुसलं, आणि काय झालं कोण जाणे, एकदम उत्साहात येऊन मला दातांची तार दाखवायला लागली, आतून, बाहेरून. मी पाहिली. चांगलं काम आहे. घट्ट, सरळ.

फोन ठेवल्यावर साखरेचा डबा उगाच पुसून फळीवर ठेवला.


रविवार, ३० मार्च

फोन वाजला. उचलला नाही. शिवणाचं मशीन चालू होतं, ऐकू आलं नाही, असं सांगेन.

मशीन बंद होतं.


सोमवार, ३१ मार्च

क्लासच्या आधीच प्लंबरला गाठलं. म्हटलं, "स्केअर्ड म्हणजे काय रे?"

"घाबरलेला."

"आणि स्केअर्ड ऑफ आजी?"

"आजीला घाबरतो." मग हसला. "कोण म्हणालं? त्यात नवीन काय आहे, आजी, मी पण घाबरतो."

माझ्या अंबाड्यावर कुरकुरणारा मागचा पोरगा पण हसला. मला हसू आलं नाही. प्लंबरने ते बघितलं. मग स्वतःच्या वहीत काहीतरी खोडत बसला, खोडण्यासारखं काही नसताना.

बाईंनी विचारलं, आजी, वापरलं का वाक्य? म्हटलं, वापरलं. काय उत्तर आलं? म्हटलं, सगळं आलं. त्या खूश झाल्या, म्हणाल्या, सांगा ना वर्गाला. मी म्हटलं, ते सांगायचं नाही असं ठरलंय. सगळ्यांना वाटलं, मी गृहपाठ केला नाही.


बुधवार, २ एप्रिल

दोन दिवस डोक्यात एकच. सून घाबरते असं मी धरून चालले होते. तिचा काही संबंधच नव्हता. माझा मुलगा, चाळिशी ओलांडलेला माणूस, घर मोडलं तरी आईला सांगायला घाबरतो.

मी काय वाघीण आहे? त्याला एकटीने वाढवला. बाप तो सहा वर्षांचा असताना गेला. मशीनच्या पायाशी बसून अभ्यास करायचा. मी ओरडायचे, हे खरं आहे. न ओरडता एक बाई, एक मशीन आणि एक पोरगा चालत नाहीत. पण मारलं नाही कधी. फक्त बोलले.

आज एका पँटचा पाय चुकून जास्त कापला. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मालकाला दिसलं नाही. मीच सांगितलं. तो म्हणाला, होतं असं. बस्स. एवढंच म्हणाला. मी त्याच्या जागी असते तर काय काय म्हटलं असतं, ते मी मनात म्हणून बघितलं. बरंच लांबलं ते.


शनिवार, ५ एप्रिल

उद्या फोन येईल. उचलायचा आहे.

त्याला मला माहीत आहे असं कळू द्यायचं नाही, पोरीला शब्द दिलाय. आणि त्याने आपणहून सांगितलं नाही, तर मी पुढच्या रविवारीही मिरी पोहायला गेली का विचारायचं, त्याच्याही पुढच्या. पोरगी माझ्या मांडीवर सगळं टाकून मोकळी झाली. आता ते घेऊन मी एकटी बसलेय. कोणाला सांगू? किटलीला?

मला येतात ती वाक्यं सगळी अशी आहेत: मी तेव्हाच सांगितलं होतं. तुझंच काहीतरी चुकलं असेल. आता लोक काय म्हणतील. आणि पोरीचं काय? ही न म्हणता काय बोलायचं ते येत नाही. मराठीतसुद्धा येत नाही.


रविवार, ६ एप्रिल

फोन आला. पांढरी भिंत. कपड्यांकडे बघितलंच नाही, त्याच्या कपाळाकडे बघत राहिले.

त्याने विचारलं, मागच्या रविवारी उचलला नाहीस? मशीनचं सांगणार होते. म्हटलं, नाही उचलला. तो थांबला, आता तोंडाचा पट्टा सुटेल म्हणून. मी सोडला नाही. त्याने हवा कशी आहे सांगितलं. मी हं म्हटलं. ऑफिसात नवीन साहेब आलाय म्हणाला. हं. मिरी पोहायला गेलीय म्हणाला. इथे मी दोन्ही हात मांडीखाली घातले. हात आणि जीभ माझी बरोबरच सुटतात. हं म्हटलं.

शेवटी म्हणाला, "आई, बरी आहेस ना? आज काही बोलत नाहीस."

"ऐकतेय."

"काय ऐकतेयस?"

"तू सांगशील ते."

तो उठला. मला वाटलं फोन ठेवतोय. पण गेला, पाणी पिऊन आला, आणि खुर्ची ओढून बसला. बराच वेळ टेबलाकडे बघत होता. मी मधे तोंड घातलं नाही. आयुष्यात मी इतकी शांतता कधी शिवली नाही. मग म्हणाला, "आई, मी वेगळा राहतो. फेब्रुवारीपासून."

"मग?"

त्याने वर बघितलं. प्लंबरने शिकवलं तसं हळू झालं असावं, कारण तो पुढे बोलला. भांडण मोठं असं नव्हतं म्हणाला. दोघं थकली. ती म्हणते, तू काही पूर्ण सांगत नाहीस, अर्धं आत ठेवतोस, मी अर्ध्या माणसाबरोबर राहते. तो म्हणतो, तिचं खरं आहे. मला तिथे एक जोरदार वाक्य आलं होतं. गिळलं. घशात अडकलं, पण गेलं. "मग?" मिरी आठवड्यातून दोन दिवस त्याच्याकडे येते. उरलेल्या दिवसांत संध्याकाळी घरी आलं की दिवा लावायचा कंटाळा येतो, म्हणाला. कधी कधी तसाच बसतो. मला इथला माझा दिवा दिसला, मीही तो उशिराच लावते. "मग?" स्वयंपाक जमत नाही, अंडी जमतात. पहिल्या महिन्यात फोन हातात घ्यायचा आणि ठेवायचा. असं करत करत रविवार आला की रंग काढलाय म्हणायचं.

रडला थोडा. बापही असाच रडायचा, तोंड एका बाजूला करून. मी पदर दाताखाली धरला होता, तो ओला झाला.

मग मी एकच विचारलं. म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

मला वाटलं, येतंय आता. ते ऐकायला मी बसलेच होते, आठवडाभर तयारी करून. तो म्हणाला, "तुला उगाच त्रास नको म्हणून."

माझ्या तोंडावर आलं होतं. नाही, ते कारण नाही, मला ठाऊक आहे कारण काय ते. बघितलं त्याच्याकडे. कपाळ घामेजलं होतं, सहावीत नापास झाल्याचं सांगताना झालं होतं तसं.

तेवढं सोडून त्याने सगळं सांगितलं. मी 'बरं' म्हटलं, आणि तो पुढे बोलत राहिला.